पंचफुलाचा वार्ताफलक

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या मागच्या पडवीत कडब्याला टेकून उभा असलेला मी एक जुना वार्ताफलक आहे. माझ्यावर आता कोणी लिहीत नाही. पण एकदा अंगाला अक्षरांची सवय लागली की कोरं राहणं फार अवघड जातं. आतल्या आत तळमळ होते. म्हणून तुम्हाला माझी हकिगत सांगतो.

राणीसावरगावच्या बाजूला, सडकेला लागून आमचं गाव आहे. १९७८च्या उन्हाळ्यात आश्रुबा सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला तयार केलं. करून घेणारी होती पंचफुला. गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या बौद्ध वस्तीतली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. दवाखान्याची गाडी कधी येणार, सरकारी बियाणं कुठं मिळणार, हे गावात ज्याला कळे त्यालाच कळे. ते सगळ्यांना वाचता यावं, एवढीच तिची इच्छा होती. फळा कसा चालवतात ते मात्र तिनं कुठं पाहिलं नव्हतं.

तिचे वडील सिताराम यांना हे पटलं नाही.

"दवंडी सोडली आमी," ते म्हणाले. "गावानं सांगायचं अन् आमी वरडत फिरायचं. तेच तू पुन्हा गळ्यात घ्यायलीस का?"

"दवंडीत दुसऱ्याचा हुकूम होता, दादा," पंचफुला म्हणाली. "ह्याच्यावर काय लिवायचं ते मी ठरवणार."

सिताराम उठून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी मला खांद्यावर घेऊन निघाले तेच.

सुरुवातीला सगळंच चुकत गेलं. पंचफुलानं मला चकचकीत तेलरंग दिला, त्यावर खडू घसरू लागला. रंग खरवडून तिनं टॉर्चच्या जुन्या सेलांतली काळी भुकटी माझ्या अंगाला चोळली, तेव्हा कुठं अक्षर धरू लागलं. तिनं मला वस्तीतल्या भिंतीला टांगलं. तिकडे गावातलं कुणी फिरकेना. मग मला एसटी थांब्याजवळच्या कडुलिंबाखाली आणलं. तिथं तिनं दिल्लीपासूनच्या बातम्या बारीक अक्षरांत कोंबल्या. लोक येत, मान वाकडी करत आणि निघून जात. मला वाटे, कुणीतरी थांबा, एक ओळ तरी वाचा.

वरच्या आळीतल्या तात्यारावांच्या पत्नी नर्मदाबाई एकदा गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोरी, एवढं लिवलंस, त्यात आमच्या कामाचं काय हाय?"

पंचफुलानं मला पुसलं आणि मोठ्या अक्षरांत दोनच ओळी लिहिल्या. गंगाखेडची संध्याकाळची गाडी बंद झाली होती. सुलाबाईंची करडी शेळी हरवली होती. दुपारपर्यंत शेळी सापडली. त्यानंतर माझ्यापुढे माणसं थांबू लागली. वाचता न येणारे दुसऱ्याला विचारू लागले. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो, पण फार थोडे.

पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. रस्ते बंद होऊ लागले. बौद्ध वस्त्या जाळल्याच्या बातम्या येत होत्या. लिंबाखाली लोक हळू आवाजात बोलत आणि पंचफुला आली की बोलणं थांबवत. सितारामांनी तिला घराबाहेर पडू नको म्हणून बजावलं. मी कोराच होतो.

अशा एका दुपारी थांबा ओस असताना कुणीतरी आलं आणि माझ्यावर घाईनं लिहून गेलं, 'गंगाखेडची गाडी फोडली. चंद्रभानला मारलं. मारणारे वस्तीचे सोयरे.'

चंद्रभान हा तात्याराव आणि नर्मदाबाईंचा एकुलता एक मुलगा. तो सकाळीच विहिरीवरच्या मोटारीचं सामान आणायला गंगाखेडला गेला होता. बघता बघता लिंबाखाली गर्दी झाली. कुणाच्या हातात काठ्या होत्या, कुणाच्या हातात कुऱ्हाडी. हे पंचफुलाचं अक्षर नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फळ्याला तोंड कुठलं? ते अक्षर अंगावर घेऊन मी जळत उभा होतो.

पंचफुला आली. मागे सिताराम होते. तिला अडवण्यात ते हरले होते.

"हे तू लिवलंस?" तात्यारावांनी विचारलं.

"न्हाई."

"मग पुसू नको. गावाला दिसू दे."

"पुसत न्हाई," ती म्हणाली. तिनं खाली लिहिलं, 'हे कोणी पाहिलं? त्यानं आपलं नाव लिहावं.' मग वळून तिनं खडू गर्दीपुढे धरला.

कुणी पुढे आलं नाही. मागून एक जण म्हणाला, "नाव कशाला पायजे? चला वस्तीकडं."

तेव्हा नर्मदाबाई पुढे झाल्या. "माझं लेकरू हाय ते," त्या म्हणाल्या. "ज्यानं बघितलं त्यानं माझ्यापुढं येऊन सांगावं. तवर कुणी हलायचं न्हाई." आणि त्या पंचफुलाशेजारी चिखलातच बसल्या.

तात्याराव येरझारा घालत राहिले. काठ्या खाली टेकल्या गेल्या, पण हातातून सुटल्या नाहीत. तेवढा लांब वेळ मी कधी अनुभवला नाही. दिवस कलताना सडकेवर एक माणूस दिसला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. चंद्रभान होता.

"पुलाजवळ झाडं आडवी टाकलीत," तो म्हणाला. "गाडी परत गेली. मी चालत आलो. तुमी सगळे इथं काय करायलाव?"

नर्मदाबाईंनी त्याला माझ्यापुढे उभं केलं. त्यानं वाचलं. पंचफुलाच्या हातातून खडू घेऊन लिहिलं, 'मी घरी आलो आहे. मला कोणी मारलं नाही. चंद्रभान.'

गर्दी पांगली. तात्याराव मान खाली घालून गेले. वस्ती वाचली.

मी मात्र वाचलो नाही. चार दिवसांनी काही जणांनी मला ओढ्यात फेकलं. आश्रुबानं बाहेर काढून पुन्हा ठोकलं. एक कोपरा कायमचा गेला. पंचफुला पुढे पालमला मास्तरीण होईपर्यंत माझ्यावर लिहीत राहिली, आणि प्रत्येक बातमीखाली सांगणाऱ्याचं नाव असे. ती गेल्यावर माझ्यावर जाहिराती चिकटल्या, मग मी इथं आलो.

मित्रांनो, मला ओल लागते, वाळवी लागते; जमलं तर मला उन्हात काढा. पण त्याहून मोठं मागणं आहे. चार लोकांपुढे काही मांडायचं झालं तर आधी स्वतःला विचारा, हे मी पाहिलं आहे का. माझ्या अंगावर पुष्कळ खडू झिजले. पण त्या दुपारी जो गर्दीतल्या कुणीच हातात घेतला नाही, त्याचं ओझं मला अजून जाणवतं.