तोटीखालची ढाल

श्रीरंगराव अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे राहायला आले, तेव्हा सून घरी बिअर बनवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. देवांगने सांगायचं टाळलं होतं. नाशिकच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात हयात घालवलेल्या, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणाऱ्या वडिलांपुढे हा विषय काढायचा कसा, हे त्याला सुचेना. शेवटी आश्लेषानेच चहाचा कप हातात देताना सांगून टाकलं. मैत्रिणीच्या, नीनाच्या लग्नासाठी बिअर करायची आहे, शनिवारी मागच्या अंगणात मोठी शेगडी पेटेल, तुम्हाला नको असेल तर नीनाच्या घरी जाऊन करते. त्यात लपवाछपवी नव्हती आणि आर्जवही नव्हतं. श्रीरंगराव "तुझंच घर आहे" एवढंच म्हणाले. खोलीत गेल्यावर मात्र त्यांनी बायकोला, शुभाताईंना बजावलं, की शनिवारी आपण त्या बाजूला फिरकायचं नाही.

शनिवारी देवांग ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता. सकाळपासून घरभर खमंग वास दरवळायला लागला, सातूचं पीठ भाजावं तसा. श्रीरंगराव थोडा वेळ फोनवर बातम्या वाचत बसले आणि मग आपसूक मागच्या दारात येऊन उभे राहिले.

अंगणातल्या छपराखाली गॅसची शेगडी फुरफुरत होती. तिच्यावर स्टीलचं भलंमोठं पिंप, बुडाशी तोटी, बाजूला तापमानाची तबकडी. आत सातूचा गोड काढा रटरटत होता. आश्लेषा एका बायोटेक कंपनीत पेशी वाढवण्याचं काम करायची. इथेही तिची नजर तशीच, एका जागी रोवलेली. अचानक जळक्या प्लास्टिकचा वास आला. तोटीच्या दांड्यावरचं निळं आवरण मऊ होऊन ओघळत होतं आणि तोटीच्या मुळाशी उकळता काढा थेंब थेंब गळू लागला होता.

"बाबा, मागे व्हा," आश्लेषा म्हणाली. आवाज चढला नाही. तिने सिलिंडर बंद केला, लांब हातमोजे चढवले, तोटीखाली भांडं सरकवलं आणि पिंप निवायची वाट पाहत बसली. निवल्यावर सगळा काढा तिने ओतून दिला. अर्धवट उकळलेलं लग्नात कुणाला द्यायचं नाही, असं म्हणाली. सकाळभराची मेहनत गवतात जिरताना श्रीरंगराव तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे त्रागा नव्हता. पिंप रिकामं होताच ती गुडघे टेकून तोटी सोडवायला लागली. आतलं रबरी वायसर कडक होऊन तडकलं होतं.

तिने त्यांना कारण समजावलं. शेगडी पिंपाच्या बुडापेक्षा रुंद, त्यात वारा तोटीच्या बाजूला. ज्वाळा बुडाखालून बाहेर निघून थेट तोटीला चाटत होती. आच कमी ठेवायला हवीच, पण तोटीखाली आडोसाही हवा.

तोटीचे मागवलेले नवे भाग आले. आडोशासाठी पत्रा आणायला ती दुकानात गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. तिथल्या पत्र्याला जस्ताचा मुलामा होता आणि तो तापला की विषारी धूर सोडतो. हे ऐकून शुभाताई उठल्या आणि नाशिकहून आणलेला, एका कोपऱ्यात पोचा आलेला स्टीलचा ट्रे त्यांनी तिच्यापुढे ठेवला. श्रीरंगराव बायकोकडे बघतच राहिले.

या वेळी आश्लेषाने आधी नुसतं पाणी उकळून पाहिलं. लांबूनच तापमान मोजणाऱ्या बंदुकीवरही तिचा आंधळा विश्वास नव्हता. चकचकीत स्टीलवर ती आकडा चुकीचा दाखवते, म्हणून तोटीवर तिने आच सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका दिला होता. पण ट्रेमधून कापलेला तुकडा तोटीला खेटून बसवल्यावर आकडा आधीपेक्षा वर गेला.

तिने वाकून तोटीखाली पाहिलं आणि म्हणाली, "पत्रा टेकलाय. आच अडवायच्या ऐवजी तो ती तोटीत पोचवतोय. मध्ये हवा हवी." आणि श्रीरंगरावांकडे वळली. "बाबा, तुमचा हात हवाय. माझी रेघ सरळ येत नाही."

श्रीरंगरावांनी पुठ्ठा घेतला. पिंपाच्या बुडाची गोलाई, तोटीची जागा, शेगडीच्या जाळीत अडकेल अशी कड, बाहेर येऊन खाली झुकलेली जीभ. ती मापं सांगत गेली, ते काढत गेले. दोनदा तिने बदल करायला लावला आणि दोन्ही वेळा तिचंच बरोबर निघालं. कात्रीने पत्रा कापून, धार घासून तिने तो बसवला. ज्वाळा आता पत्र्याखालून बाहेर वळत होती आणि तोटी वर मोकळ्या हवेत होती.

पुढच्या शनिवारी पुन्हा काढा चढला. या खेपेला श्रीरंगराव खुर्ची घेऊन बाहेरच बसले होते. उकळी संपत आली तेव्हा आश्लेषाने आधी बंदुकीवरचा आकडा पाहिला, मग दांड्याला स्वतः बोट लावलं आणि त्यांना म्हणाली, "आता तुम्ही बघा." त्यांनी दांडा धरला. कोमट होता. मुळाशी एक थेंबही नव्हता. शाळेत एवढी मुलं हाताखालून गेली, पण बिघडलेल्या कामापुढे इतक्या शांतपणे बसणारं कुणी आपण पाहिलं का, असं त्यांच्या मनात आलं. मोठ्याने ते इतकंच म्हणाले, "छान झालंय. अगदी छान."

जूनमध्ये नीनाचं लग्न झालं. श्रीरंगराव लिंबू सरबताचा ग्लास घेऊन बिअरच्या टेबलाशेजारी उभे होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. नीनाचे वडील संजय यांनी बिअरची तारीफ करून विचारलं, तुम्ही देवांगचे वडील ना?

"मी आश्लेषाचा सासरा," श्रीरंगराव म्हणाले, आणि तो पत्रा तोटीला का टेकू द्यायचा नाही, हे त्यांना हाताने हवेत आकृती काढून समजावू लागले.