आत्याच्या पत्रांतल्या चुका

तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणत, घरातसुद्धा. हॉटेलांची आणि बेकऱ्यांची स्वयंपाकघरं तपासणं ही तिची नोकरी. काळ्याठिक्कर तेलाचा वास घ्यायचा, फ्रिजच्या मागे हात घालायचा, पिठाच्या पोत्यात काय वळवळतंय ते बघायचं. यात अर्धं आयुष्य गेल्यावर किळस म्हणून काही उरतच नाही, असं तिचं ठाम मत होतं. जेवता जेवता ती असले किस्से खुशाल सांगायची आणि शेजारचा माणूस गुपचूप ताट पुढे सारायचा.

त्या रविवारी मात्र तिचं मत खोटं पडलं.

थोरल्या काकांनी सगळ्यांना घरी बोलावलं होतं. शहरातल्या ग्रंथालयाने त्यांच्या घराण्याची पत्रं आणि कागदपत्रं जतन करायला मागितली होती. चार पिढ्यांचा पत्रव्यवहार एकाच घरात टिकला हे फार दुर्मिळ, असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या होत्या, आणि तेव्हापासून काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. काका निवृत्त प्राचार्य. भाषेचे गाढे जाणकार. लग्नपत्रिका हातात आली तरी ते आधी शुद्धलेखन बघत, मग कुणाचं लग्न ते.

"देण्याआधी जरा निवडून घेऊ," ते म्हणाले. "घरचं ते घरचं."

दिवाणखान्यात ट्रंका उघडल्या. कुबट वास, गंजलेल्या टाचण्या, घड्यांमध्ये चिकटलेली झुरळांची अंडी. इन्स्पेक्टरला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं ते माणसांचं. भाजीतली मिरची बाजूला काढावी तसा जो तो आपलं आपलं काढून घेत होता. काकूंनी स्वतःची दोन पत्रं सरळ ब्लाउजमध्ये कोंबली. काकांचा मुलगा, जो वकील होता, पणजोबांनी शेजाऱ्याला भिंतीच्या वादावरून घातलेल्या शिव्या वाचून खो खो हसला आणि मग त्याने तो कागद फाडून खिशात घातला. "उगाच कुणी संदर्भ म्हणून छापायचं," तो म्हणाला.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. काकांची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, मागच्या खोलीत राहणारी. हे घर तिच्या हातावर चालत होतं. काका मात्र चारचौघांत सांगत, "बहिणीला आम्ही जन्मभर सांभाळलं."

ती कप ठेवत असतानाच वकिलाच्या हाती एक गठ्ठा लागला.

"अरेच्चा, ही तर आत्याची पत्रं! सासरहून पाठवलेली."

"वाच, वाच," काका म्हणाले. "गंमत आहे."

आणि वकिलाने आत्यासमोर वाचायला सुरुवात केली. दादा, मला न्यायला ये. काल माझा हात धरून चुलिला लावला. शेजारणीने विचारलं तेव्हा मी चुकून भाजलं म्हणून सांगितलं कारण समोर सासूबाई होत्या. इथे मला मारतिल. मी फार खात नाही. खाली निजेन. कुणाच्या आड येणार नाही.

"मारतिल!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "वेलांटी ऱ्हस्व आहे, बघितलंस? किती वेळा सांगितलं हिला. प्रत्येक पत्रात तीच चूक."

काकू हसल्या. वकीलही हसला. आत्याने बिस्किटांची बशी सरळ केली आणि ती आत निघून गेली.

इन्स्पेक्टरने वकिलाच्या हातातून कागद घेतला. 'मारतिल'भोवती लाल शाईने गोल काढला होता आणि वर वेलांटी दीर्घ करून दाखवली होती. प्रत्येक पत्रावर तसे गोल होते. 'चुलिला'ला गोल, 'दुखतय'ला गोल. मागे काकांच्या उत्तराची कार्बन कॉपी टाचलेली. तुझे पत्र पावले. संसार हे तप आहे. सहनशीलता हा स्त्रीचा दागिना होय. तुझ्या लेखनात सुधारणा नाही, हे पाहून मनस्वी खेद झाला.

यात गुपित असं काहीच नव्हतं. आत्याला सासरी त्रास होता, भावांनी तिला आणलं नाही, शेवटी ती एकटीच पिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली, हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. पण पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन सह्या होत्या. पत्र आलं की ते भावाभावांत फिरायचं आणि ज्याने त्याने 'वाचले' असं लिहून सही करायची. तिसरी सही इन्स्पेक्टरच्या वडिलांची होती. देवमाणूस म्हणून सगळे ज्यांचं नाव काढायचे, त्या तिच्या बाबांची. सुबक, न थरथरलेली.

ती उठली, मोरीत गेली आणि तिला भडाभडा उलटी झाली.

स्वयंपाकघरात आत्या भांडी विसळत होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बिस्किटं मऊ पडली होती का गं?"

"आत्या, तू ऐकलंस ना सगळं?"

"त्यात ऐकायचं काय? त्या ट्रंका दर वर्षी उन्हात कोण घालतं? कसर मीच झटकते. मला पाठ आहेत ती."

"मग जाळली का नाहीस?"

"मी का जाळू?" आत्या म्हणाली. "लिहिताना मला लाज वाटली नाही. वाचणाऱ्यांना वाटायला हवी होती."

बाहेर निर्णय झाला होता. आत्याची पत्रं काढून टाकायची आणि काकांची उत्तरं तेवढी द्यायची. पत्रलेखनाचा नमुना म्हणून.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल बाई करारपत्र घेऊन आल्या. त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या लागणार होत्या, म्हणजे आत्याचीही. काकांनी पेन तिच्या पुढे सरकवलं. "कर इथे. वाचायची गरज नाही."

आत्याने पदराला हात पुसले. "माझी पत्रं कुठायत, दादा? ती आधी ट्रंकेत ठेव. तुझं जे उत्तर ज्या पत्राला, ते पत्र त्या उत्तराच्या वर. मग सही."

"अगं, परके लोक वाचतील!"

"वाचू देत की. शुद्धलेखन तर तू तपासलंच आहेस."

ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. "कोणती पत्रं?"

काका आधी रागावले, मग गोड झाले. तुला काय कमी केलं, घासातला घास दिला, या वयात भावाचं नाक कापणार का, असं सगळं सांगून झालं. डोळ्यांत पाणीही आणून झालं. आत्या हाताची घडी घालून उभी. इन्स्पेक्टर तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, माझीही सही बाकी आहे."

इन्स्पेक्टरला वाटलं, आता म्हातारा देणगीच रद्द करणार. पण ग्रंथालयाच्या दालनाला काकांचं नाव लागणार होतं आणि पाटी रंगवायलाही गेली होती. त्यांनी पाटीचा विचार केला, खाकरले आणि कपाटातून गठ्ठा काढून दिला.

खरी शिसारी तर पुढेच होती. दालनाच्या उद्घाटनाला काका भाषणाला उभे राहिले. "माझ्या बहिणीची अत्यंत खाजगी पत्रंही मी हातचं न राखता समाजाला देत आहे," ते कातर आवाजात म्हणाले. "सत्य लपवणं आमच्या रक्तात नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळे टिपले. इन्स्पेक्टर खुर्ची मागे ढकलून उठली, तशी आत्याने तिचा हात धरला.

"बस खाली. किती फेकतो ते तरी बघू."

समारंभ संपल्यावर आत्या काकांच्या गाडीत बसली नाही. इन्स्पेक्टरच्या स्कूटरवर मागे बसून तिच्या घरी गेली, ती तिथेच राहिली. पहिले काही दिवस पहाटेच उठून ओट्याशी जायची. इन्स्पेक्टर रागवायची, तेव्हा परत झोपायची. काकूंचे फोन येत. आधी चौकशीचे, मग पाठ दुखते म्हणून रडगाण्याचे. आत्या घ्यायची नाही.

एका सकाळी इन्स्पेक्टरने स्टुलावर चढून भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवला.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "तिघांत तो त्यातल्या त्यात बरा होता."

"म्हणून तर जास्त घाण वाटते," इन्स्पेक्टर म्हणाली. फोटो टाकून द्यायचा तिला धीर झाला नाही. तो तिने कपाटात खालच्या खणात उपडा ठेवला, आणि बेकरी तपासायला उशीर होत होता म्हणून ती निघून गेली.