डावीकडे वळलेली लाईट

वीजमंडळाचे बिल आले तेव्हा प्रोव्ही मागच्या ओट्यावर नवऱ्याच्या पँटी आपटत होती. वादळाने घरावरचे पत्रे नेले होते, दारचा आंबा नेला होता, ओढ्यावरचा पूल नेला होता. पोस्टमन तेवढा ठेवला होता. पत्र्यांच्या जागी आता सरकारने दिलेली निळी ताडपत्री फडफडत होती. घरात लाईट नव्हती ती सप्टेंबरपासून, आणि आता जानेवारीतला तीन राजांचा सणही उलटून गेला होता.

“अंदाजे आकारलंय म्हणे,” चागोने बिल उजेडाकडे धरून वाचले. “लाईट असती तर आपण किती जाळली असती, त्याचा अंदाज.”

“मग त्यांना म्हणावं, पैसेही अंदाजेच भरलेत,” प्रोव्ही म्हणाली आणि पँट पिळली.

पोर्तो रिकोच्या त्या डोंगराळ भागात लाईट कोणी द्यायची याबद्दल काही मतभेद नव्हता. ती अडवायचा अधिकार कोणाचा, यावर मात्र तीन कचेऱ्यांचे भांडण चालू होते. तारा मंडळाच्या होत्या, खांब ठेकेदाराच्या गोदामात होते, आणि ठेकेदाराचा कागद नियामक आयोगाच्या टेबलावर होता. आयोगाचे टेबल राजधानीत होते आणि तिथे लाईट होती, त्यामुळे घाई नव्हती. रेडिओवर रोज सांगत, इतके टक्के घरांत वीज पोचली, उरलेल्यांनी धीर धरावा. प्रोव्हीचे घर उरलेल्यांत होते. धीर धरण्याशिवाय तिथे धरण्यासारखे दुसरे काही उरलेही नव्हते.

चर्चपाशी रस्त्याला फाटा होता. डावीकडे ला ग्वाबा, म्हणजे प्रोव्हीची वस्ती, तीसेक घरे. उजवीकडे ओढ्यापलीकडच्या उतारावर सेरो होंदो, मोजून सात घरे. त्यांतले शेवटचे, हिरव्या दाराचे, मिंगाचे. मिंगाच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पोर प्रोव्हीच्या हातात होती; तेव्हापासून प्रोव्ही पोरीची धर्ममाता आणि दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. सख्ख्या बहिणीशी अबोला धरला तर चालतो, कोमाद्रेशी धरून चालत नाही. ती पोर मोठी होऊन ओरलँडोला गेली होती, आणि हिरव्या दाराआड मिंगा आणि तिचा नवरा गोयो असे दोघेच राहत होते. गोयोची फुप्फुसे थकली होती. नाकात नळी घालून तो खिडकीशी खुर्चीत बसलेला असे. नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू गाळणारे यंत्र होते, आणि त्या यंत्राच्या मागे जनरेटर.

संध्याकाळ झाली की सगळा डोंगर जनरेटरांनी खोकू लागे. कोणाचा कुठला, हे लोकांना कुत्र्यांच्या भुंकण्यासारखे ओळखू येई. विसोचा गुरगुरत असे, चर्चचा उचक्या देई. ओढ्यापलीकडून गोयोचा ऐकू येई, बारीक आणि एकसारखा. तो दिवसाही चाले. प्रोव्ही सकाळी कॉफी टाकताना आधी तो ऐकायची आणि मग साखर घालायची.

कुठल्या घरचा जनरेटर एकाएकी बंद पडला, की लोक काय ते समजत. त्या घरी लाईट आली.

*

लाईन जोडणारी तुकडी खालच्या गावापर्यंत येऊन ठेपली, ही बातमी विसोने आणली. विसो हा वस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष. कमिटीत दुसरे कोणी नव्हते, म्हणून निवडणूक नेहमी शांततेत पार पडे.

“पण आधी होंदोला जाणारेत,” तो ओट्यावर बसत म्हणाला. “आजारी माणूस आहे म्हणून. वरून तसा हुकूम आहे.”

“बरं झालं,” प्रोव्ही म्हणाली. “गोयोला आधी मिळाली पाहिजे.”

“मिळेल की. मी कुठे नाही म्हणतो? पण ताई, तिकडे सात घरं आणि ओढ्यातून खांब न्यायचे. तिथे दोन आठवडे अडकले, की वरून दुसरा हुकूम येतो आणि तुकडी जाते दुसऱ्या तालुक्याला. मग पुढच्या राजांच्या सणाला या म्हणावं!” विसोने आवाज खाली आणला. “माणसं आहेत ती. गरम जेवण दिसलं, की गाडी आपोआप वळते. एल पिनोवाल्यांनी सबंध डुक्कर भाजलं. चार दिवसांत लाईट.”

“म्हणजे लाच द्यायची.”

“लाच? जेवण घालणं ही लाच? ताई, तुमच्या आईनं ऐकलं असतं तर तुम्हाला झोडपलं असतं.”

हे मात्र खरे होते. त्या डोंगरात दारी आलेल्याला उपाशी धाडणे हे चोरीपेक्षा वाईट समजत. आणि तुकडीला जेवण घालायची रीत आता साऱ्या बेटावर पडली होती. वस्त्या रस्त्यावर टेबले मांडत, फलक लावत, गाणी म्हणत. जिथला भात चांगला, तिथे खांब लवकर उभे राहत. याला कोणी भ्रष्टाचार म्हणत नसे. भ्रष्टाचार वर, राजधानीत होता. खाली होता तो पाहुणचार.

“गोयोचा जनरेटर नवा आहे,” चागो म्हणाला. “चारदोन दिवसांनी काय बिघडतंय? आणि माझं ऐकशील, तर वॉशिंग मशीन चालू झालं की तुझे हात सुटतील.”

प्रोव्हीने हातांकडे पाहिले. साबणाने बोटांची कातडी सोलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोठे पातेले काढले.

तिच्या हातचा भात पंचक्रोशीत नावाजलेला. तुरीचे ओले दाणे, डुकराच्या मांसाचे तुकडे, मिरची-कोथिंबिरीचे वाटण, आणि तळाला लागलेली कुरकुरीत खरवड. फाट्यावर टेबल मांडले. तुकडीच्या दोन गाड्या आल्या आणि थांबल्या. माणसे जेवली. खरवडीवरून भांडली. साहेब म्हणून जो होता, तो मंडळाचा देखरेख करणारा, ओर्तेगा नावाचा, पोट सुटलेला, स्वभावाने भला माणूस. त्याने दोनदा वाढून घेतले.

“दोन्या प्रोव्ही,” तो अदबीने म्हणाला, “असं जेवण बायकोही घालत नाही हो!”

“बायकोला लाईट नको असेल,” चागो म्हणाला, आणि सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ओर्तेगाने दात कोरत उजवीकडच्या रस्त्याकडे पाहिले, मग डावीकडच्या. “हे बघा, इकडे घरं जास्त आहेत,” तो कोणालाच उद्देशून न म्हटल्यासारखा म्हणाला. “आधी हे उरकू. ते मग दोन दिवसांचं काम.”

गाड्या डावीकडे वळल्या. विसोने टोपी हवेत उडवली. प्रोव्हीने पातेल्यात पाणी ओतले आणि ती तळ घासत बसली. घासण्यासारखे त्यात काही उरले नव्हते, तरी ती घासत होती.

*

लाईट आली ती भर दुपारी, उन्हे लखलखत असताना. आधी चागोच्या रेडिओने किंकाळी फोडली, मग फ्रीज थरथरला, मग कुठल्याशा घरातून बाईचा आवाज आला, “आली! लाईट आली!” आणि सारी ला ग्वाबा रस्त्यावर आली. पोरांनी पातेली बडवली. विसो रडत रडत ज्याला त्याला मिठ्या मारत होता. वस्तीतल्या ज्या दोघांशी त्याचे कोर्टात चालू होते, त्यांनाही मारल्या. एकेक करून जनरेटर बंद झाले. किती तरी महिन्यांनी डोंगराला डोंगराचा आवाज ऐकू आला, बेडूक, पाणी, वारा.

प्रोव्हीने कान दिला. ओढ्यापलीकडेही शांतता होती.

“चागो!” तिने नवऱ्याचा दंड धरला. “गोयोचाही बंद झाला! ऐक ना, बंद झाला! त्यांनाही आली रे. एकाच तारेवर असतील.”

मग पलीकडून हाक आली. शब्द कळत नव्हते. ओढ्यावरून शब्द कधीच येत नसत, नुसता आवाज यायचा. मिंगाचा आवाज होता, उंच, पुन्हा पुन्हा. हिरव्या दाराशी ती उभी होती आणि दोन्ही हात हलवत होती.

“बघ, नाचतेय वेडी,” प्रोव्ही म्हणाली. गेले आठ दिवस छातीवर बसलेला धोंडा कोणीतरी उचलून नेल्यासारखे तिला वाटले. तिने कमरेचा पांढरा एप्रन सोडला, धावत परड्याच्या टोकाशी गेली आणि हात दुखेपर्यंत तो फडकावला. पलीकडचे हात खाली आले. मिंगा घरात गेली.

त्या दुपारी प्रोव्हीने तीन वेळा कपडे लावले मशीनला. धुवायला नव्हते, तेव्हा पडदेही घातले.

दिवस कलला. ला ग्वाबात घराघरांतून दिवे लागले. लोकांनी गरज नसलेलेही लावले. प्रोव्ही वाळत घातलेला पडदा काढायला गेली आणि पडदा हातात धरून तशीच उभी राहिली. ओढ्यापलीकडचा उतार काळा होता. सातही घरे काळी.

आवाज अजूनही नव्हता.

ओढ्यातून ती कशी गेली, हे तिला नंतर सांगता आले नाही. चपला पाण्यात गेल्या. हिरवे दार उघडेच होते. मेणबत्तीच्या उजेडात गोयो खिडकीशी खुर्चीत बसला होता, नळी नाकात तशीच होती, आणि मिंगा पुठ्ठ्याच्या तुकड्याने त्याला वारा घालत होती. बराच वेळ घालत असावी. शेजारची म्हातारी तिच्या हातातून पुठ्ठा घ्यायला बघत होती आणि मिंगा देत नव्हती.

“दुपारी बंद पडला,” मिंगा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “दोरी ओढून ओढून हात सोलले. माणसं सगळी खाली पाण्याच्या रांगेत. फोन तर लागतच नाही. मग तुला हाका मारल्या.”

प्रोव्ही उंबऱ्यातच बसली.

“तू एप्रन हलवलास. म्हटलं, बघितलं हिनं, आता चागोचा जनरेटर घेऊन येतील. त्यालाही मी तेच सांगितलं. कोमाद्रे येतेय, धीर धर. त्यानं धरला की. बराच वेळ धरला.”

*

डॉक्टरने मृत्यू नैसर्गिक असल्याचे लिहिले. वादळात गेलेल्यांचा आकडा सरकारने आधीच जाहीर केला होता, आणि जाहीर झालेला आकडा माणसे मरतात म्हणून बदलत नाही. नगराध्यक्षांनी फुले पाठवली. विसो शवपेटीला खांदा द्यायला सर्वांत पुढे होता, आणि तो खरोखरच रडत होता. हे सांगितलेच पाहिजे. या गोष्टीत वाईट माणूस शोधू गेलात तर सापडायचा नाही. मीही शोधला. भला ओर्तेगा आहे, रडका विसो आहे, प्रेमळ चागो आहे, आणि प्रोव्हीचा भात आहे.

तुकडी अजून होंदोला गेली नव्हती. तिच्यासाठी ला ग्वाबाच्याही पुढे, एल तामारिंदोला बोकड कापला होता.

दफन झाल्यावर मिंगाने प्रोव्हीला स्वयंपाकघरात बोलावले. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती.

“तांदूळ आणलाय,” ती म्हणाली. “मांस शेजारी देतायत. उद्या तुकडी फाट्यावरून जाईल. तू भात कर.”

प्रोव्हीने तांदळाची पिशवी बाजूला सारली.

“त्यांना तुझाच हात आवडतो म्हणे. मला एकटीला काळोखात बसवत नाही, प्रोव्ही. त्या खुर्चीसमोर तर नाहीच.”

“तुझ्यासाठी जन्मभर रांधीन,” प्रोव्ही कसेबसे म्हणाली. “त्यांच्यासाठी नाही. आता नाही, मिंगा.”

“का?”

“माझ्या भातानं गाडी वळली. उद्या पुन्हा वळेल, आणि तामारिंदोत कोणाची नळी असेल, तुला ठाऊक आहे? मला नाही.”

“वा!” मिंगा हसली. ते हसणे ऐकून बाहेरच्या बायका बोलायच्या थांबल्या. “तुमचं वॉशिंग मशीन सुरू होईपर्यंत भात, आणि माझ्या दाराशी आलं की तत्त्व! ऊठ. जा आपल्या उजेडात.”

दार लागले. चागो वाटेत हळूच म्हणाला, “अगं, एक पातेलं टाकायला काय जातं? तेवढंच तिच्या मनाला...”

“गोयो गेला, चागो. पातेल्यानंच गेला.”

घरी आल्यावर चागोने मोठे पातेले उचलून पलंगाखाली सरकवले.

सकाळी प्रोव्हीने स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली, फाट्यावर गेली आणि डाव्या रस्त्याच्या तोंडाशी ती ठेवून मधोमध बसली. गाड्या आल्या. ओर्तेगा हसत उतरला, इकडे तिकडे पाहू लागला.

“काय दोन्या, आज टेबल नाही? आज काय बेत?”

“आज काही नाही.”

“बरं, असू दे, असू दे. खुर्ची तेवढी बाजूला घ्या. तामारिंदोला वाट बघतायत.”

“वाट होंदोलाही बघतायत. बघणाऱ्यांत एक कमी झाला, बाकीचे आहेत.”

ओर्तेगाने टोपी काढली. “ऐकलं मी. फार वाईट झालं. पण माझ्या हातात काय आहे? आता वरून हुकूम आल्याशिवाय मी क्रम बदलू शकत नाही. नियम आहेत.”

“इकडे वळलात त्या दिवशी कोणाचा हुकूम होता, साहेब?”

गाडीतली माणसे खाली बघू लागली.

“माझा होता,” प्रोव्ही म्हणाली. “मी रांधला होता. हे मी राजधानीत जाऊन सांगणारे, आयोगापुढे, रेडिओवर, जो ऐकेल त्याला. मी लाच दिली आणि तुम्ही खाल्लीत. आपल्या दोघांचं नाव घालून सांगणार.”

विसो धापा टाकत पोचला. मागून अर्धी ला ग्वाबा. “ताई, उठा! हे चिडून निघून गेले तर कोणालाच काही मिळणार नाही! तुम्हाला मिळाली लाईट, आता दुसऱ्यांच्या...” तो मध्येच थांबला, आपण काय बोलतो आहोत, हे बहुधा त्यालाही ऐकू आले. कोणी प्रोव्हीच्या बाजूने उभे राहिले नाही. कोणी तिला उठवायला हातही लावला नाही. ऊन चढत होते. ओर्तेगा टोपीच्या कडा चाचपत होता आणि इंजिने चालू होती.

तेव्हा उजवीकडच्या रस्त्याने मिंगा आली. काळ्या कपड्यांत, डोक्यावर खुर्ची उपडी धरून. लोक बाजूला झाले. तिने खुर्ची प्रोव्हीच्या शेजारी, पलीकडच्या बाजूला ठेवली, पण चांगली हातभर अंतरावर, आणि बसली. प्रोव्हीकडे तिने पाहिले नाही.

मग समोर बघतच मिंगा म्हणाली, “थोडी सरक इकडे. त्यांना उजवीकडे वळायला जागा ठेव.”