तिथला राहुकाळ

शनिवारी सकाळी साडेनऊला सिद्धीचा निरोप यायला हवा होता. तो आला नाही.

सिद्धी माझी नात, माझ्या मुलाची, नरसिंहाची, मुलगी. उत्तर जपानमध्ये नोकरी करते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक ज्वालामुखी दिसतो. तो झोपलेला आहे असं ती सांगते. पण तिने पाठवलेल्या फोटोत त्याच्या माथ्याजवळून वाफ येताना दिसते, आणि झोपलेलं कोणीही जागं होऊ शकतं, हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी, आपल्या बंगळूरच्या पीण्यात, कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही तेव्हा, त्या डोंगरावर अजून पुरुषभर बर्फ असतं. सिद्धी आणि तिची नागपूरची मैत्रीण उल्का सुट्टीला तिथे जातात. स्कीच्या लांब पट्ट्यांच्या तळाला केसाळ कापड चिकटवायचं, म्हणजे पट्टी पुढे सरकते पण मागे घसरत नाही. तशा पायांनी माथ्यापर्यंत चढायचं, वर कापड सोलून पिशवीत टाकायचं आणि घसरत खाली यायचं. तिथे वर नेणारा तारेवरचा पाळणा नाही, वाट आखलेली नाही, शिट्टी वाजवणारा कोणी नाही. रात्री बर्फ काचेसारखं घट्ट होतं, सकाळच्या उन्हाने वरवर मऊ पडतं, आणि दुपारी त्याची लापशी होते. मग कधी कधी अख्खा उतारच सुटतो. म्हणून अंधारात निघून दुपारच्या आत खाली यायचं असतं. हे सगळं मी वाचलं आहे. वाचायला नको होतं.

नरसिंहाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगी पाळण्यात बसून वर जाते आणि सगळ्यांबरोबर खाली येते, एवढंच त्याला माहीत. मला मात्र तिने कामाला लावलं होतं.

"अज्जा, तू घाबरतोस, पण आरडाओरडा करत नाहीस," ती म्हणाली होती. "आणि आम्ही उतरतो तेव्हा तुमची सकाळ असते. तूच बरा."

काम सोपं होतं. खाली उतरली की ती अंगठ्याचं चित्र पाठवणार. साडेनऊपर्यंत आलं नाही, तर मी एका नंबरवर फोन करायचा. डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या कुंडाचं एक छोटं विश्रामगृह आहे, तिथे त्या गाडी लावतात. मालकीणबाईंना इंग्रजी स्वल्पच येतं. "माझं नाव सांग आणि 'नॉट बॅक' म्हण. पुढचं त्या बघतील. आणि अज्जा, वाट बघत बसू नकोस." तिने माझ्याकडून ते दोन शब्द म्हणून घेतले होते. नंबर फोनमध्ये 'डोंगर' या नावाने घालून दिला होता.

मी फोन करणारा माणूस नाही. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. तिथे हळू बोलणं हा गुण होता. गॅसचा सिलिंडरसुद्धा माझी बायको, गोजराबाई, मागवते.

साडेनऊ झाले. मी नकाशा उघडला. सिद्धीचा निळा ठिपका माथ्याच्या जरा खाली होता आणि बऱ्याच वेळापासून तिथेच होता. तिथे रेंज नसते, ठिपका अडकतो, हे तिने सांगितलं होतं. तरी मी तो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. खालच्या गल्लीतल्या शेडमध्ये पत्रा कापायचा प्रेस चालू होता. त्याचा एकेक ठोका घरात ऐकू येत होता.

गोजराबाई चित्रान्नासाठी लिंबं कापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय झालंय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पाळणा नाही तेही. तिने सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आत्ता नाही करायचा फोन."

"का?"

"शनिवार आहे. नऊ ते साडेदहा राहुकाळ. राहुकाळात वाईटाची चौकशी केली तर ते खरं होतं. आमच्या आईने असाच फोन केला होता आणि वाईटच बातमी आली, माहीत आहे ना तुम्हाला?"

मला माहीत होतं. आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इथे आलं. भाषा आम्ही जपली, आणि राहुकाळ शेजाऱ्यांकडून घेतला. आमच्याकडे त्या वेळात मुलगी सासरी पाठवत नाहीत, नवं यंत्र चालू करत नाहीत. नरसिंहाने त्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये पहिलं लेथ यंत्र बसवलं तेव्हा मेकॅनिक ताटकळत बसला होता.

मी फोन टेबलावर ठेवला.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कोणीतरी मला अडवलं होतं. आता फोन न करणं माझ्यावर नव्हतं. शिवाय मी स्वतःला पटवत होतो: उशीर होतोच. बूट काढत असतील. कुंडात उतरल्या असतील. मी फोन केला, बाईंनी माणसं धाडली, आणि दोघी चहा पीत बसलेल्या सापडल्या तर? सिद्धी पुन्हा मला काही सांगणार नाही. म्हातारा घाबरट आहे म्हणेल, आणि ते खरंच असेल.

घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि सव्वादहापर्यंत पाहत राहिलो. मग डोळ्यांपुढे वाचलेलं सगळं येऊ लागलं. वाफेच्या भोकांभोवती बर्फ आतून पोकळ होतं. वरून दिसत नाही, पाय ठेवला की माणूस आत जातो, आणि आत हवा नसते, गंधकाचा वायू असतो. ते मी कुठे वाचलं होतं ते पानही मला आठवलं. उजव्या बाजूचं पान होतं, खाली चित्र होतं.

"गोजरा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. परत म्हणालो. "राहुकाळ सूर्योदयावरून धरतात."

"मग?"

"दिवसाचे आठ भाग करायचे, शनिवारी तिसरा भाग. ज्या गावचा सूर्य त्या गावचा राहुकाळ. तिथे सूर्य आपल्या आधी उगवला. तिथला राहुकाळ आपण उठायच्या सुमारास संपला. तिथे आता दुपार आहे."



"हे तुम्हाला साडेनऊलाही माहीत होतं?"

मी फोन उचलून हातात घेतला.

"आणि मी अडाणी बाई काहीतरी बोलले म्हणून गप्प बसलात. अय्यो देवा. करा, करा तो फोन."

मी 'डोंगर' दाबलं. घंटी वेगळीच वाजत होती, लांब आणि बारीक. बाईंचा आवाज आला, काहीतरी जपानी, प्रश्नासारखं. मी फोन कानापासून लांब धरला. गोजराबाईने माझ्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात.

"सिद्धी," मी म्हणालो. "नॉट बॅक."

"सिद्धी-सान?"

"सिद्धी. उल्का. नॉट बॅक."

"यू, फादर?"

"ग्रँडफादर. इंडिया."

पलीकडे दार सरकल्याचा आवाज झाला. पावलं गेली आणि आली. "कार, हिअर," बाई म्हणाल्या. मग एकेक शब्द शोधून: "माउंटन, क्लाउड. नो सी. पीपल गो वेस्ट. एव्हरी इयर, वेस्ट. आय कॉल वेस्ट व्हिलेज. यू, वेट."

फोन बंद झाला. मी उभाच होतो.

"काय म्हणाल्या?"

"गाडी तिथेच आहे. डोंगरावर ढग आहे. ढगात लोक पश्चिमेला उतरतात." सांगता सांगता मला ते समजलं. डोंगर गोल आहे. माथ्यावर दिशा जराशी चुकली, तर खाली तुम्ही भलत्याच दरीत पोचता. जितकं उतराल तितकं घर लांब जातं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. गोजराबाईने देवापुढे दिवा लावला, मग तो वाऱ्याने विझेल म्हणून खिडक्या लावल्या, आणि उकाड्याने आम्ही दोघं घामाघूम झालो. ठिपका हलला नाही. मी फोन हातात धरून होतो आणि त्याची बॅटरी कमी होते की काय म्हणून हातात धरायलाही भीत होतो.

साडेबाराला नरसिंह जेवायला आला. शनिवारी तो घरी येतो. हात धुऊन पाटावर बसला, सारूचा वास घेतला आणि थांबला.

"खिडक्या का लावल्या? अण्णा, तुझा चेहरा असा का?"

"जेव तू," गोजराबाई म्हणाली.

तिने त्याला भात वाढला. त्याने कालवायला घेतलं. एक घास, दोन घास. मुलगा माझ्यासमोर सुखाने जेवत होता आणि त्याची मुलगी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "नरसिंह, सिद्धी डोंगरावर गेली आहे. पाळण्याने नाही, पायी. अजून खाली आलेली नाही."

त्याचा हात भातातच राहिला.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी? आणि मी तिकडे मशीनचं तेल बदलत होतो?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अजून कोणाकोणाला माहीत आहे? वॉचमनला?"

तेवढ्यात फोन वाजला. 'डोंगर' नाही, सिद्धी. माझ्या हातातून तो नरसिंहाने घेतला, खरकट्या हाताने.

"अज्जा?"

"मी बोलतोय," नरसिंह म्हणाला आणि त्याने डोळे मनगटाने पुसले.

"अप्पा. अप्पा, मी ठीक आहे. उल्काचा गुडघा गेलाय. आम्ही भलत्याच बाजूला उतरलो. खालच्या रानातल्या रस्त्याला लागायच्या आधीच माणसं आली, पट्ट्यांवर चालणारी बर्फातली गाडी घेऊन. पाच-सहा म्हातारे होते. अप्पा, रडू नको ना."

"रडत नाही. जेवतोय."

मग फोन माझ्याकडे आला. तिचे दात वाजत होते. म्हणाली, उल्काला चालता येत नव्हतं. दोघी ओल्या बर्फात बसून होत्या, आणि उल्का मध्येच बोलायची थांबली होती. "तू मी सांगितल्यासारखा लगेच फोन केलास ना अज्जा, म्हणून."

मी गोजराबाईकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती.

"लगेच नाही," मी म्हणालो. "मध्ये वेळ गेला."

"किती?"

मी सांगितलं. "सरी, बरं," ती म्हणाली. उल्काची बर्फाने बधिरलेली बोटं वाचतील का, ते संध्याकाळी डॉक्टर सांगणार होते. माझ्या त्या वेळाचा त्यात किती हिस्सा होता हे तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नरसिंह जेवला नाही. शेडवरही परत गेला नाही. गोजराबाईने खिडक्या उघडल्या, ताट झाकून ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"डोंगरावर बर्फ कधीपर्यंत असतं?"

"मेअखेरपर्यंत."

"ती परत जाणार."

"जाणार."

तिने चष्मा लावला आणि माझा फोन पुढे ओढला. "तो नंबर कुठे आहे, दाखवा. आणि ते दोन शब्द काय म्हणायचे ते मला म्हणून दाखवा. स्वल्प हळू."

मी म्हणून दाखवले. ती माझ्यामागून म्हणाली. खालच्या शेडमधला प्रेस जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्या ठोक्याला आम्ही दोघंही दचकलो.