भट्टीत राहिलेला माल

काचेच्या कोपऱ्यातला तडा अंगठ्याच्या नखाला लागला आणि मोतीरामचा खिशातला हात तिथेच थांबला. तळहाताएवढी निळी काच, लाकडी मुठीतली. हिच्यातून तेवीस वर्षं त्याने भट्टीत पाहिलं होतं. उघड्या डोळ्यांनी पाहिलं असतं तर डोळे राहिले नसते. काचेतून उकळतं लोखंड शांत दिसायचं, रंगावरून कळायचं की अजून दहा मिनिटं, किंवा बास, आता ओता... मुकुंदवाडीहून निघताना ही कशाला खिशात टाकली, कोण जाणे. पुढच्या आठवड्यात आपल्या कंपनीची शेड पाडणार, एकदा येऊन बघून जा, असा फारूखचा फोन होता. मढं काय बघायचं, म्हणून त्याने फोन ठेवला होता — आणि तरी आला होता.

चिकलठाण्याच्या त्या शेडचा नुसता सांगाडा उरला होता. मोटारी, केबल, क्रेन, संडासातले नळसुद्धा भंगारवाल्यांनी नेले होते. जिथे ठिणग्यांनी चपला जळायच्या तिथे कमरेएवढा एरंड माजला होता, आणि मोतीरामला त्या एरंडाचाही राग आला. राग तर सकाळपासून होता. सकाळपासून कशाला, अकरा वर्षांपासून होता. औरंगपुऱ्यातून गुलमंडीपर्यंत चालत जा, जो तो दुसरीकडे बनलेलं काहीतरी विकत बसलाय. स्वतः काही बनवणारा माणूस दिसेल तर शपथ. आम्ही बनवत होतो. पुलात गेलं आमचं लोखंड, धरणाच्या दारांत गेलं... आणि मालकांना दिसली काय, तर भट्टीखालची जमीन.

फारूख पुढे चालत होता. एके काळी तो याच शेडमध्ये वर, क्रेनच्या केबिनमध्ये बसायचा. मोतीरामने खालून हात वर केला की लोखंड झेलायची बादली भट्टीच्या तोंडाशी आणायचा. आता त्याच गेटवर तो वॉचमन होता. कुणा दुसऱ्याच्या मापाचा गणवेश, खांदे कोपराकडे उतरलेले. त्याला त्याची लाज वाटत नव्हती, आणि मोतीरामला वाटत होती.

भट्टीपाशी मात्र माणसं होती. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली एक जोडी. मुलीच्या लाल झग्याचा घोळ चिखलात, मुलाच्या डोक्यावर कोरं पिवळं हेल्मेट. फोटो काढणारीचं नाव सोनिया, असं फारूखने सांगितलं. पोरगी चांगली आहे, विचारून आत आली. तिने मोतीरामकडे पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला.

"काका, चेहरा भारी आहे तुमचा. असंच रागात बघा ना."

मोतीरामने पाठ फिरवली. पाठ फिरवली तर समोर ते होतं. भट्टीच्या पोटात गोठून बसलेलं बारा टन लोखंड, काळंठिक्कर. सगळं नेलं, एवढं राहिलं, फारूख सांगत होता. गॅसने लोखंड कापणारे चार दिवस झटले आणि हात टेकून गेले. सांगताना त्याने त्या ढेपेवर थाप मारली, आपल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मग सोनियाकडे वळून त्याने अभिमानाने सगळी हकिगत सांगितली: हे आमचे मोतीभाऊ, भट्टी यांच्या हातात होती, कंपनीने न सांगता लाईट तोडली, नाहीतर या माणसाने एक थेंब आत राहू दिला नसता. पुढच्याच महिन्यात जालन्याची पार्टी आली होती, याच माणसांना घेऊन कंपनी चालवणार होती. पण माल गोठून भट्टी अशी कायमची बाद झालेली पाहिली आणि परत गेली.

न सांगता... ही हकिगत फारूखने अकरा वर्षं सांगितली होती. क्रांती चौकातून मोर्चा निघाला तेव्हा भरल्या भट्टीचा खून करणाऱ्यांचा धिक्कार असो, ही घोषणा टेम्पोवर उभं राहून मोतीरामनेच दिली होती, आणि खालून ओरडून ओरडून फारूखचा घसा आठ दिवस बसला होता. खोटं काय होतं त्यात? लाईट त्यांनीच तोडली. भरलेली भट्टी समोर दिसत असताना तोडली. असं करणारा माणूस जन्माला यायचाय, असं वाटलं होतं मला — त्या दिवशी पाच वाजता कंपनीचा साहेब कानाशी येऊन म्हणाला, सहाला लाईट बंद, भट्टी रिकामी करून ठेव, तेव्हा हेच वाटलं. भट्टीच्या त्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. काचेतून पाहिलं. माल तयार होता. आणि मी हात वर केला नाही. रिकामी भट्टी बंद करतील, भरलेली कशी करतील? ज्याने एकदा भट्टी पाहिलीय तो असं करूच शकत नाही... सहाच्या ठोक्याला अंधार झाला.

मागे काहीतरी फुसफुसलं. सोनियाने धुराची नळकांडी पेटवून भट्टीच्या तोंडात ठेवली होती, आणि गुलाबी धूर शेडच्या उरल्यासुरल्या पत्र्यांपर्यंत चढत होता. फारूख मान वर करून लहान मुलासारखा हसत होता. मोतीरामने पुढे होऊन नळकांडी लाथेने उडवली, ती मुलीच्या झग्याजवळून गेली, आणि तो काय बोलला ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. जोडी बाहेर पळाली. मागोमाग सोनियाही सामान उचलून गेली, काहीतरी पुटपुटत.

फारूखने त्याचा दंड धरला. "जाऊ द्या, मोतीभाऊ. यांना काय मालूम."

तो हात मऊ होता, आणि तेच सहन होईना.

"फारूख, मला सांगितलं होतं. पाच वाजता."

"काय?"

"सहाला लाईट तोडणार म्हणून. मीच माल काढला नाय. म्हणलं, भरल्या भट्टीची लाईट कोण तोडतंय."

फारूखचा हात दंडावरच राहिला. तो मोतीरामकडे बघत नव्हता, वर बघत होता, जिथे क्रेनची केबिन असायची आणि आता उघडं आभाळ होतं.

"म्हंजे एक घंटा होता," तो म्हणाला. "मी वरून तुमच्या हाताकडंच बघत होतो."

आता तो शिवी देईल, मोतीरामला वाटलं. द्यावी. गचांडी धरून गेटबाहेर काढावं, त्याचा हक्क आहे. पण फारूखने नुसता दंड सोडला आणि धुमसणारी नळकांडी बुटाने विझवू लागला, सावकाश, नोकरीतलंच एखादं काम असावं तसं. मोतीरामने साहेबाचा चेहरा आठवून पाहिला, मालकांचा, त्या जालन्याच्या पार्टीचा. सगळे आठवले, राग आला नाही. खिशातली काच त्याने मुठीत घट्ट धरली होती, आणि रागाशिवाय इथे उभं कसं राहायचं, हे त्याला काही केल्या आठवेना.