पाठमोऱ्या टोप्या

निळ्या मोटारसायकलवर बसल्यावर बुरुलने आधी खाली पाहिलं. दोन्ही बुटांचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले होते. तिने गाडी डावीकडे कलवली, मग उजवीकडे. वजन मांड्यांना पेलत होतं. मग ती उतरली, गाडी मुद्दाम जमिनीवर आडवी केली आणि हँडल धरून, गुडघ्यात वाकून, एकटीने पुन्हा उभी केली.

"घ्यायची आहे का कापायची आहे, ताई?" विकणारा म्हणाला. "मेंढी पाडावी तशी पाडलीत."

भोवतीची माणसं हसली. नारीन शहराच्या त्या बाजारात गाड्यांच्या शेजारीच घोडे विकायला उभे असत, त्यामुळे बघ्यांना तोटा नव्हता.

बुरुल गावच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती. खिंडीखालची वरची वस्तीही तिच्याकडेच होती. तिथे जीप चढत नसे. इतकी वर्षं ती तांबड्या घोडीवरून जात होती; ती घोडी या हिवाळ्यात गेली. दुसरी घ्यायची तर चारा हवा, सांभाळणारं माणूस हवं, आणि नवरा रशियात बांधकामावर होता. तालुक्याहून निरोप आला होता की जाण्यायेण्याची सोय झाली नाही तर वरची वस्ती शहरच्या इस्पितळाला जोडली जाईल. म्हणजे तिथल्या बायकांनी कळा सुरू झाल्यावर घोड्यावर बसून डोंगर उतरायचा. म्हणून बुरुलने या वयात शिकाऊ परवाना काढला होता.

शहरात राहणारा धाकटा दीर एर्निस तिच्याबरोबर आला होता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"वहिनी, असल्या गाड्या पोरं पाव आणायला फिरवतात. ही आपल्या दारात दिसली ना, की लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या सुनेने घोडी गेली म्हणून बकरी आणली."

निळी गाडीच आपल्याला योग्य आहे, हे तिला माहीत होतं. पण माणसं अजून हसत होती, आणि त्यातला एक जण मेंढीसारखा ओरडलाही. शेजारी जुनी सोव्हिएत बनावटीची काळी गाडी उभी होती, उंच, रुंद टाकीची. तिच्यावर बसल्यावर बुरुलचे फक्त चवडे टेकत होते. ती गाडी तिने पाडून पाहिली नाही.

"ही," ती म्हणाली.

हसणं थांबलं. एर्निसने टाकीवर घोड्याच्या मानेवर मारावी तशी थाप मारली.

नंतर ती गावाबाहेरच्या कुरणात शिकत राहिली. सरळ रस्त्यावर काळी गाडी बरी चाले. थांबायची वेळ आली की ती चवड्यांवर कलंडू लागे. कुरणातून घरी येताना ती गाडी गावाच्या वेशीवरच्या पुलापाशीच बंद करून तिथल्या मेकॅनिककडे ठेवत असे. एका संध्याकाळी मात्र मेकॅनिकचं दार बंद होतं, आणि ती गाडीवरून घराकडच्या गल्लीत शिरली.

गल्लीत पॉप्लरच्या झाडांखाली भिंतीजवळ एक ओंडका पडलेला होता. सकाळच्या उन्हाला आणि संध्याकाळी गावातले म्हातारे त्यावर बसत. त्यांच्या मधोमध तिचे सासरे असत. त्यांचं नाव बुरुलने कधी उच्चारलं नव्हतं, कुठलीच सून उच्चारत नाही; ती त्यांना आबा म्हणे. वडीलधारे समोर असताना सुनेने घोड्यावर किंवा गाडीवर बसून पुढे जायचं नसतं. उतरायचं, वाकून नमस्कार करायचा, चालत पुढे जायचं. तांबड्या घोडीला हे इतकं ठाऊक होतं की ओंडका दिसला की ती आपली आपण थांबायची.

बुरुलला म्हाताऱ्यांच्या पांढऱ्या लोकरी टोप्या दिसल्या आणि तिने घोडीला थांबवावं तसं केलं. शरीर मागे टाकलं, दोन्ही हात छातीकडे ओढले. लहानपणापासूनची सवय, ती विचारून येत नाही. पण मोटारसायकलची उजवी मूठ मागे वळली की गाडीला वेग मिळतो. गाडी उसळली. ती घाबरून आणखी मागे गेली, मूठ आणखी वळली, आणि गाडी सरळ ओंडक्यावर चालून गेली.

म्हातारे बाजूला झाले. आबांना वेळ मिळाला नाही. ते सरकता सरकता ओंडक्याशेजारच्या पाण्याच्या पाटात जाऊन बसले. गाडी ओंडक्याला धडकून आडवी झाली, बुरुलचा पाय तिच्याखाली राहिला, आणि आबांची टोपी पाटाच्या गढूळ पाण्यातून हळूहळू पुढे निघाली.

माणसाची टोपी जमिनीवरसुद्धा ठेवत नाहीत. एका म्हाताऱ्याने काठीने टोपी अडवली. आबांना लागलं नव्हतं. ते उघड्या डोक्याने पाटात बसून होते, आणि बुरुलने त्यांचं पांढरं विरळ डोकं पहिल्यांदाच पाहिलं. तिने गाडी उचलायचा प्रयत्न केला. गाडी हलली नाही. शेवटी ओले झालेले आबा आणि आणखी दोन म्हातारे यांनी मिळून ती तिच्या अंगावरून उचलली.

घरी येऊन तिने टोपी वाळवली आणि कोंडा चोळून ब्रशने साफ केली. पुढच्या पट्टीवर तपकिरी डाग राहिलाच. जेवताना तिने चहाची वाटी पुढे केली. आबांनी ती रागाने परत सारावी, असं तिला वाटत होतं. त्यांनी ती नेहमीसारखी दोन्ही हातांनी घेतली.

"काळीवर बसून पाय टेकत होते?" त्यांनी विचारलं.

"चवडे टेकत होते, आबा."

"आणि निळीवर?"

म्हणजे एर्निसने त्यांना सगळं सांगितलं होतं. बुरुलने मान खाली घातली. "पूर्ण टेकत होते."

आबांनी भाकरी मोडली. "लग्न होऊन आलीस, तेव्हा आपल्या घोडीवर बसायच्या आधी तू पाय पोचत नाहीत म्हणून रिकिबी आखूड करून मागितल्या होत्यास. सगळं गाव बघत होतं. तेव्हा नाही लाजलीस."

बस, एवढंच. तिला वाटलं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने काळी परत नेली. विकणाऱ्याने वाकलेल्या हँडलकडे पाहिलं आणि विचारलं, मेंढी न्यायला आलात का? बुरुल हो म्हणाली. पडत्या भावात काळी देऊन तिने निळी घेतली.

निळीवर ती लवकर शिकली. पण गल्लीतून ती गाडीवर बसून जाईना. रोज सकाळी ती गाडी हाताने ढकलत ओंडक्यापर्यंत नेई, उभी करून वाकून नमस्कार करी, आणि मग चढावरून पुलापर्यंत ढकलत जाई. पूल ओलांडून गाव दिसेनासं झालं की मगच गाडी सुरू करी. म्हातारे नमस्कार घेत. पोरं खिडकीतून हसत. आबा पाटाकडे बघत राहत.

वसंतात वरच्या वस्तीतून एका सकाळी निरोप आला की कानिशायला कळा सुरू झाल्या. बुरुलने पिशवी बांधली आणि गाडी ढकलत निघाली. आदल्या रात्रीच्या चिखलात चाकं रुतत होती. ती ओंडक्यापाशी थांबली, वाकली, पुन्हा ढकलू लागली. ती वर पोचली तेव्हा मूल झालं होतं आणि कानिशायचं रक्त थांबत नव्हतं. बुरुलने इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिली. दुपारपर्यंत रक्त थांबलं. दोघं वाचली, पण कानिशाय विटक्या कापडासारखी पांढरी पडली होती.

कानिशायची सासू दाराशी बसून होती. उशीर कशाने झाला, असं तिने विचारलं. गाडी गावातून ढकलत आणावी लागते, बुरुल म्हणाली, आबा बसलेले असतात.

म्हातारीने आत मुलाकडे बोट दाखवलं.

"मूल थोडंच विचारतं, बाहेर कोण बसलंय," ती म्हणाली.

संध्याकाळी कानिशायचा नवरा मूल झाल्याचं सांगायला घोड्यावरून गावात उतरला. ओंडक्यापाशी त्याने काय काय सांगितलं, ते बुरुलने कोणाला विचारलं नाही. त्या रात्री वाटी पुढे करताना तिने आबांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कानिशायला बघायला वर जायचं होतं. ती गाडी ढकलत निघाली. ओंडक्यावर म्हातारे होते, पण ते रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते. गुडघे भिंतीला घासत होते. चार पांढऱ्या टोप्या एका ओळीत. त्यातली एक पुढची बाजू मागे करून घातलेली, तिच्या पट्टीवर तपकिरी डाग.

बुरुल थांबली.

"या भिंतीला चुना लावायला हवा," एक जण म्हणाला.

"हवा," दुसरा म्हणाला. "रोज सकाळी नीट बघितल्याशिवाय ठरायचं नाही."

मग आबा भिंतीला म्हणाले, "अजून गाडीचा आवाज येत नाही."

बुरुलचे कान तापले होते. ती निळीवर बसली. दोन्ही तळवे चिखलात टेकले. तिने गाडी सुरू केली आणि हळू त्यांच्यामागून निघाली. डागाच्या टोपीपाशी आल्यावर तिने मुठी न सोडता जमेल तेवढं वाकून नमस्कार केला. तो कोणी पाहिला नाही.