पहार घेऊन गेलेला माणूस

भाईंदरजवळच्या मुर्ध्यात खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बैठ्या घरांची एक रांग आहे. त्यातलं तिसरं घर मनोरमा आणि दशरथ शिवलकर यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलं. मनोरमाने परळच्या एका हॉस्पिटलात लिनन विभागात तीस वर्षं चादरी मोजण्यात घालवली होती आणि दशरथ छापखान्यात होते. दोघांचा अख्खा संसार लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत झाला. तिथे तुळससुद्धा खिडकीच्या गजाला बांधून ठेवावी लागायची. त्यामुळे या घराच्या मागची वीस पावलांची मोकळी जमीन बघितली, तेव्हाच मनोरमाने मनात ठरवून टाकलं होतं, इथे रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड लावायचं.

गेल्या महिन्यात ती रत्नागिरीला बहिणीकडे जाऊन कलम घेऊन आली. एसटीत आठ-नऊ तास मांडीवर धरून. शेजारच्या बाईने तिला विचारलंही, "नातवंड आहे का हो?"

खड्ड्याची जागा तिने नक्की केली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, भिंतीपासून पाच पावलांवर. दशरथांनी तिथे खुंटी ठोकली आणि ते त्याच दिवशी खणायला घेणार होते. पण मागच्या वर्षी त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. मनोरमाने पहार त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पलीकडच्या गल्लीतल्या चंपाबाईंना विचारलं. चंपाबाई मुर्ध्याच्याच, चार पिढ्यांच्या. त्यांनी गुणवंतचं नाव दिलं.

मंगळवारी सकाळी गुणवंत आला. पन्नाशीचा, काटक, मूळचा पोलादपूरकडचा. त्याने कलम बघितलं, पानं बोटांनी चाचपून "चांगलं आहे" म्हणाला, खुंटीपाशी आला आणि थांबला. मग खणायचं सोडून इकडे तिकडे बघायला लागला. घराला वळसा घालून पुढे गेला, भिंतीवरचं मीटर बघितलं, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापर्यंत जाऊन आला. मनोरमा ओट्यापाशी चहा टाकत होती. तिच्या मनात आलं, लागला हा वेळ काढायला.

"ताई," तो दारात येऊन म्हणाला, "तुमच्या घरात लाइट येते कुठून?"

"म्हणजे? मीटरमधून येते."

"मीटरमध्ये कुठून येते? खांबावरून वायर खाली जमिनीत गेलीये. वरून एकाही घराकडे वायर आलेली नाही. म्हणजे जमिनीतूनच आलीये ना?"

दशरथ वर्तमानपत्र ठेवून बाहेर आले. "अरे, बिल्डरचा नकाशा आहे आमच्याकडे. केबल रस्त्याच्या कडेने आहे. गॅसची पाइपही पुढूनच आलीये. मागे काही नाही."

"नकाशा कागदावर असतो, काका. आधी वीज कंपनीचा माणूस बोलावू या. त्यांच्याकडे मशीन असतं. तो इथे खाली काही नाही म्हणाला, की मी अर्ध्या तासात खड्डा काढून देतो."

"दोन फुटांच्या खड्ड्याला मशीन?" दशरथ हसले. "ते लोक कधी येणार? पुढच्या दिवाळीला?"

"मी जातो ना ऑफिसात. पण आज पहार लावायची नाही."

दशरथांचा पारा चढला. छापखान्यात आयुष्यभर लोक त्यांचं ऐकत आले होते. "तुला नसेल जमत तर राहू दे. खड्डाच काढायचाय, विहीर नाही. मी स्वतः काढतो."

गुणवंतने त्यांच्याकडे बघितलं, मग खुंटीकडे. तो वळला, भिंतीला टेकवलेली पहार उचलली, खांद्यावर टाकली आणि फाटक उघडून चालायला लागला.

"अहो! अहो, पहार आमची आहे!" मनोरमा ओरडली. पण तिने चपला घालून फाटकाबाहेर येईपर्यंत तो नाक्यावरच्या रिक्षात बसलाही होता. पहारीचं टोक रिक्षातून बाहेर आलेलं तिला लांबून दिसलं.

ती तडक चंपाबाईंकडे गेली. "कसला माणूस दिलात हो! काम केलं नाहीच, वर आमची पहार घेऊन पळाला!"

चंपाबाई अंगणात सुकट उन्हात पसरत होत्या. त्यांनी मान वर केली. "गुणवंत? तो चोर न्हाय, बाय. आमचे गल्लीत समद्यांची कामा केलीन त्यानी. लोखांडाचा तुकडा कदी उचलला न्हाय. नेली हाय तर कायतरी मनात धरून नेली हाय. वाट बघ जरा."

मनोरमा धुसफुसत घरी आली. दशरथ तर फारच संतापले होते. नवी पहार आणतो म्हणून ते निघाले, तिने कशीबशी समजूत घातली, आधी जेवा, ऊन उतरू दे. जेवण झाल्यावर औषधाच्या गुंगीने त्यांचा डोळा लागला. ती मात्र खिडकीशी बसून राहिली. कलमाची पानं वाऱ्याने हलत होती. ज्या माणसाला सकाळी चहाही दिला नाही, त्याच्याबद्दल तिला दिवसभर राग येत होता आणि अधूनमधून, का कुणास ठाऊक, थोडी शरमही वाटत होती.

चारच्या सुमारास फाटक वाजलं. दशरथही उठून बाहेर आले. गुणवंत होता. खांद्यावर पहार तशीच, आणि मागे वीज कंपनीचा माणूस, पाठीवर पिवळी पेटी अडकवलेला.

"ह्यांनी सकाळपासून आमच्या ऑफिसच्या दारात ठाण मांडलं होतं," तो माणूस हसत म्हणाला. त्याचं नाव जितेश. "मी दोन तक्रारी उरकून आलो, तरी हे तिथेच. पहार घेऊन बसलेले. वॉचमन घाबरला ना!"

गुणवंतने पहार दशरथांच्या समोर हळूच खाली ठेवली. "माफ करा काका. तुम्ही म्हणालात मी खणतो. मग ही इथे ठेवून जाववेना. परत मागायला तुम्ही याल तर या, म्हटलं, पण आज तुमच्या हाती ही नको."

दशरथांनी ती उचलून भिंतीला टेकवली.

जितेशने यंत्राचा एक भाग मीटरखालच्या केबलला चिमट्याने लावला आणि काठीसारखा दुसरा भाग हातात धरून मागच्या जमिनीवर सावकाश चालू लागला. यंत्र बारीक कुईकुई करत होतं. भिंतीपाशी आवाज अगदी मंद होता. तो जसजसा खुंटीकडे सरकला, तसा आवाज वाढत गेला, आणि खुंटीवर आल्यावर इतका कर्कश झाला की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. दोन पावलं पुढे गेल्यावर तो पुन्हा मंदावला. जितेश तिरक्या रेषेत घराच्या कोपऱ्यापासून कुंपणाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि जाता जाता चुन्याची फक्की टाकत राहिला. पांढरी रेघ बरोबर खुंटीच्या बुडातून गेली.

"असं कसं?" दशरथ पुटपुटले. "नकाशात तर..."

"केबल टाकली तेव्हा इथे घरं नव्हती, काका. सगळं मोकळं होतं, सरळ टाकली मागच्या वस्तीपर्यंत. घरं नंतर झाली. नकाशा कुणी बदलला नाही."

"खोल असेल पण?" मनोरमाने विचारलं.

जितेशने रबरी हातमोजे चढवले आणि खुंटीपासून जरा बाजूला, लाकडी फळीच्या कडेने माती हळूहळू सारायला सुरुवात केली. पहार नाही, कुदळ नाही. एक वीत माती सरली तशी विटेचा तुकडा लागला. केबलवर विटा घालतात, म्हणजे खणणाऱ्याला इशारा मिळावा. पण शेजारची वीट गायब होती. आधीच्या मालकाने बाग सपाट करताना वरची माती खरवडून नेली असावी, आणि तिच्याबरोबर विटाही. त्या फटीत मनगटाएवढी जाड, काळी केबल दिसत होती.

"चालू आहे," जितेश म्हणाला. "मागच्या चाळीस घरांची मेन लाइन."

मनोरमा पायरीवर बसली. तिची नजर दशरथांच्या हातांवर गेली, छापखान्याच्या शाईने कायमचे काळपट झालेले ते हात. वीतभर माती, आणि लोखंडाची पहार. तिला पुढचं काही डोळ्यांसमोर आणायचं नव्हतं, तरी येत होतं.

दशरथ गुणवंतपाशी गेले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "मी तुला काय काय बोललो," एवढंच म्हणाले.

"असू द्या काका. माणूस आपल्या घरात खणतोय, त्याला काय वाटणार?"

जितेशने माती परत लोटली, विटा मागवून केबल झाकायचं कबूल केलं आणि रेघेपासून हातभर अंतरात पहार लावू नका, असं बजावून गेला. गॅस कंपनीला फोन करायलाही त्यानेच सांगितलं. त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन त्यांची पाइप दाखवून गेला. ती खरोखरच पुढून होती.

चहा घेताना मनोरमाने गुणवंतला विचारलं, "तुम्हाला एवढं कसं कळलं?"

"माझा धाकटा भाऊ लवू," तो म्हणाला. "आम्ही दोघं मीरा रोडला एका सोसायटीत खणत होतो. ठेकेदाराने कागद दाखवला, म्हणाला इथे काही नाही. पहार त्याच्या हातात होती. जगला तो. उजवा हात कोपरापासून गेला. आता केबिन रोडला भाजी विकतो." कप खाली ठेवून म्हणाला, "पाळी माझी होती त्या दिवशी. मी पाणी प्यायला गेलो होतो."

गुरुवारी गुणवंतने मागच्या कोपऱ्यात, रेघेपासून चांगलं दहा पावलं लांब, रातांबा लावला. खिडकीतून तो दिसत नाही, मान जरा बाहेर काढावी लागते. मनोरमाची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पण एवढ्यावर तिचं समाधान होईना. रविवारी ती रिक्षाने भाईंदर पूर्वेला गेली आणि केबिन रोडच्या गर्दीत विचारत विचारत लवूची गाडी शोधून काढली. डाव्या हाताने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारा, गुणवंतसारखाच काटक माणूस. काय बोलायचं ते तिने वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. समोर आल्यावर सगळं विसरली.

"मी मुर्ध्याहून आले," ती म्हणाली. "गुणवंतनी आमच्या घरी खणू दिलं नाही. खाली चालू केबल होती. माझे मिस्टर खणणार होते. तुमच्यामुळे वाचले ते. तुमच्यावर जे आलं, त्यामुळे. तेवढं सांगायला आले."

लवूने हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. शेजारून कोणी तरी भाव विचारत होतं, त्याने लक्ष दिलं नाही.

"बारा वर्षं झाली, ताई," तो म्हणाला. "लोक हात बघून हळहळतात. आभार मानायला पहिल्यांदा कोणी आलं."

मग त्याने गाडीखालून प्लॅस्टिकचं स्टूल ओढून काढलं, पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं. समोरच्या टपरीवाल्याला हाक मारली, "दो कटिंग भेजना भाय, मेहमान आये हैं." मनोरमा बसली. चहा येईपर्यंत तो तिला विचारत राहिला, रातांब्याला पाणी किती घालता, ऊन कुठून येतं, आणि ती त्याला सगळं सविस्तर सांगत राहिली.